फरशी वाळायच्या आत

दिवाळी अंक लोक फराळाचं ताट शेजारी घेऊन वाचतात, आणि मी लिहिणार मोरी-बाथरूमबद्दल. तेव्हा तोंडातली चकली आधी संपवा, मग पुढे वाचा. माझं उभं आयुष्य नाशकातल्या भाड्याच्या घरांच्या टाइल्स साफ करण्यात गेलं. लोकांची स्वयंपाकघरं आणि न्हाणीघरं मी जितकी पाहिली, तितकी त्यांच्या सख्ख्या नातेवाइकांनी पाहिली नसतील. पाहुणा बैठकीत बसतो. मी थेट मोरीत शिरायची.

मी सटाण्याजवळच्या खेड्यातली. लग्न होऊन नाशकात आले तेव्हा आमचे हे फरशी मिस्त्री होते. रघुनाथ मिस्त्री म्हटलं की नाशिकरोडपर्यंत लोक ओळखायचे. नवीन फरशी बसवली की तिच्यावर सिमेंटचा पातळ थर राहतो. तो वेळेत पुसला नाही तर जन्मभर निघत नाही. ते फरशी लावत पुढे सरकायचे आणि मी लाकडाचा भुसा, गोणपाट घेऊन मागून पुसत यायची. कामाची सुरुवात त्यांची, शेवटचा हात माझा, असं आमचं ठरूनच गेलं होतं.

पुढे नव्वदच्या सुमाराला सिडको, इंदिरानगर भराभर वाढलं. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत नोकऱ्या करणारी माणसं गावोगावहून आली आणि भाड्याने राहू लागली. पाणी बहुतेक ठिकाणी बोअरचं, जड. आंघोळीनंतर भिंतीवर थेंब वाळले की मागे पांढरे डाग उरायचे आणि वर्षभरात त्यांचा खडूसारखा थर बसायचा. भाडेकरू बदलायची वेळ आली की मालक म्हणायचा, तुम्ही घराची वाट लावली. भाडेकरू म्हणायचा, आम्ही आलो तेव्हा असंच होतं. त्या भांडणात कुणीतरी आमच्या ह्यांना बोलवायचं, टाइल्स फोडून नवीन बसवा म्हणून. हे बघायचे आणि म्हणायचे, फोडायची गरज नाही, माझी बायको साफ करून देईल. असा माझा धंदा सुरू झाला. पाटी नाही, दुकान नाही. एक बादली, काथ्या, सुती फडकी, धुण्याचा सोडा, चिंच-लिंबू, अडल्यानडल्याला ॲसिडची बाटली आणि गुडघ्याखाली घ्यायला दुमडलेलं पोतं.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. कॉलेज रोडला एक मालक होते, ते घर ताब्यात घेताना पायांत कोरे पांढरे मोजे घालून यायचे. सगळ्या खोल्यांतून सावकाश चालायचे, मग खुर्चीवर बसून तळवे वर करून बघायचे. मोज्याला डाग दिसला की भाडेकरूची शाळा सुरू. माझ्या हातून झालेल्या घरात ते मोजे घालून फिरले, तळवे बघितले, चष्मा काढून पुन्हा बघितले, आणि मोजे काढून खिशात ठेवले. त्यानंतर त्यांच्या सगळ्या फ्लॅटचं काम माझ्याकडे आलं. बिनमोज्याचं.

काम ऐकायला सोपं वाटतं, पण त्यात एक गोम आहे. डाग कशाचा आहे ते आधी ओळखावं लागतं. पाण्याच्या क्षाराला आंबट लागतं, तेलाला सोडा लागतो, साबणाच्या चिकट थराला गरम पाणी आणि धीर लागतो. ओट्यामागची तेलकट टाइल घासायची नसते. सोड्याचा लगदा थापायचा, वर ओलं फडकं चिकटवायचं आणि चहा पिऊन यायचं. निम्मं काम फडकं करतं. पण बाईमाणसाला बसवत नाही. ती घासत सुटते. आणि घासणाऱ्या माणसाने टाइलचं जितकं नुकसान केलेलं मी पाहिलं, तितकं मळाने केलेलं पाहिलं नाही. हे मला शिकवलं देवळाली कॅम्पातल्या एका स्वयंपाकघराने. तेच आज सांगायचं आहे.

कारगिलची लढाई चालू होती तो उन्हाळा. कॅम्पातून मार्थाबाईंचं बोलावणं आलं. मार्थाबाई मूळच्या शरणपूरच्या, ख्रिस्ती. आयुष्यभर दवाखान्यात नर्स होत्या, मेट्रन होऊन निवृत्त झालेल्या. लग्न केलं नव्हतं. बाजारात भाजीवाल्यापासून टांगेवाल्यापर्यंत सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. त्यांचं छोटं बैठं घर मधोमध भिंत घालून दोन भाग केलेलं होतं. एका भागात त्या, दुसरा भाग फौजी कुटुंबांना भाड्याने. पुढचा व्हरांडा दोघांत एक.

आम्ही दोघं गेलो तेव्हा त्यांनी आधी आम्हाला त्यांच्या प्रार्थनेच्या कोपऱ्यात नेलं. भिंतीवर येशूची तसबीर होती आणि तिच्या खाली भिंतीला ओल येऊन पोपडे सुटले होते. बोट लावलं की चुना गळत होता. त्यांनी सांगितलं की भिंतीच्या पलीकडे भाडेकरणीचं स्वयंपाकघर आणि बाथरूम आहे, आणि बाई अतिशय गलिच्छ आहे. म्हणाल्या, मी तिला महिनाअखेर घर सोडायला सांगितलंय. ती गेली की आतलं सगळं फोडायचं आणि नवीन करायचं. तुम्ही आत्ता फक्त बघून घ्या.

पलीकडे गेलो. दार एका विशीतल्या मुलीने उघडलं. सरोज तिचं नाव, हिमाचलकडची. नवरा बलबीर तोफखान्यात होता. लग्नाला फार दिवस झाले नव्हते. सरकारी क्वार्टर मिळेपर्यंत इथे राहायचं म्हणून त्याने तिला आणलं आणि तेवढ्यात त्याला सीमेवर जावं लागलं. तिने डोक्यावरची ओढणी सारखी केली आणि बाजूला उभी राहिली.

स्वयंपाकघराची फरशी पाहिली आणि मला मार्थाबाईंचं म्हणणं पटलं. जुनी मोझाइक फरशी होती ती. मोझाइक म्हणजे सिमेंटमध्ये संगमरवराचे रंगीत तुकडे घालून ओतलेली आणि नंतर दगडाने घासून चकचकीत केलेली लादी. आधीच्या पिढीतल्या घरांत सगळीकडे हीच असायची. इथे तिची चमक पार गेलेली. ठिकठिकाणी बारीक खड्डे, त्या खड्ड्यांत काळा मळ. भिंतीवरच्या पांढऱ्या टाइल्स निस्तेज, आणि दोन टाइल्समधले सांधे अक्षरशः रिकामे. सुई घातली तर आत जाईल असे. पाणी तिथूनच पलीकडे झिरपत होतं, हे सांगायला मिस्त्री लागत नव्हता.

पण मग मी मांडणीकडे पाहिलं. पितळेची भांडी अशी लखलखत होती की त्यात तोंड दिसावं. आतल्या खोलीत पलंगावरच्या चादरीला एक सुरकुती नाही. खिडकीच्या गजांवर धूळ नाही. गलिच्छ बाईचं घर असं नसतं. मी ओट्याखाली वाकून बघितलं. तिथे ॲसिडच्या बाटल्या ओळीने लावलेल्या होत्या. बऱ्याच रिकाम्या, एक अर्धी. शेजारी लोखंडी तारेचा ब्रश, त्याच्या तारा झिजून आडव्या झालेल्या.

मी तिचे हात मागितले. तिने संकोचत पुढे केले. बोटांची टोकं सोललेली होती.

मी मोडक्या हिंदीत विचारलं, रोज धुतेस का? ती म्हणाली, हो. सकाळी एकदा? तिने नाही म्हणून मान हलवली. जेव्हा जेव्हा रेडिओवर बातम्या लागतात, त्यानंतर. तिला बातम्या ऐकवत नव्हत्या आणि न ऐकता राहवतही नव्हतं. ऐकून झालं की ती खाली बसायची आणि फरशी घासायची. फरशी काळी दिसायची म्हणून आणखी ॲसिड ओतायची.

आता मोझाइकमध्ये आहे काय, तर सिमेंट आणि संगमरवर, आणि ॲसिड दोन्ही खातं. फरशीचा गुळगुळीत वरचा थर एकदा गेला की ती खरखरीत होते, आणि खरखरीत फरशी मळ धरून ठेवते. म्हणजे तिने जितकं घासलं तितकी फरशी काळी पडली, आणि फरशी जितकी काळी पडली तितकं तिने घासलं. सांध्यांतलं सिमेंटही ॲसिडने असंच खाऊन टाकलं होतं.

मी परत मार्थाबाईंकडे गेले आणि सांगितलं, सिस्टर, हे न धुतल्याने झालेलं नाही, जास्त धुतल्याने झालंय. त्या म्हणाल्या, पहाटेपासून पलीकडे नळ चालू असतो, मला वाटायचं पाण्याची नासाडी चाललीय. पण त्यांचा निर्णय काही बदलला नाही. म्हणाल्या, कारण काहीही असो, भिंत माझी पडतेय. महिनाअखेर तिने गावी जावं, तिथे आईबाप आहेत, एकटी राहण्यापेक्षा ते बरं. बोलणं कठोर होतं, पण खोटं नव्हतं.

जाताना सरोज व्हरांड्यात आमच्यासाठी थांबली होती. मी तिला समजावायला गेले की गावी जा, आईजवळ बरं वाटेल. तिने मार्थाबाईंच्या खिडकीकडे बोट केलं. आत टेबलावर काळा टेलिफोन होता.

"दीदी, जाते वक़्त उनको यही नंबर लिखके दिया है," ती म्हणाली. "गाँव में फ़ोन नहीं है. मैं चली गई तो वो फ़ोन करेंगे, और कोई बोलेगा, सरोज यहाँ नहीं रहती."

घरी पोचल्यावर आमचे हे म्हणाले, फोडायची गरज नाही त्या फरशीला. मी म्हटलं, मला माहीत आहे. ते म्हणाले, मग उद्या जाऊन सिस्टरला सांगू. पॉलिशचा दगड मारून, सांधे भरून देऊ, ओल थांबेल. मग तिला घालवायचं कारणच उरणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोचलो तेव्हा मार्थाबाई व्हरांड्याच्या आपल्या टोकाला खुर्ची टाकून बायबल वाचत होत्या. मी सरोजच्या बाजूची पायरी चढले आणि नाकाला झणका लागला. डोळ्यांत पाणी आलं. हा वास मला ठाऊक होता. ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड एकत्र आलं की त्यातून एक विषारी वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये तो माणसाचा जीव घेऊ शकतो. धंद्यातल्या प्रत्येकाला हे माहीत असायला हवं आणि घरातल्या कुणालाच माहीत नसतं.

मी सरोजच्या घरात धावले. बाथरूमचं दार लोटलेलं होतं आणि आतून खोकण्याचा आवाज येत होता, तोही थांबत थांबत. मी पदर पाण्यात बुचकळून नाकातोंडावर धरला, श्वास रोखला आणि दार ढकललं. ती भिंतीला टेकून खाली बसली होती, हातात अजून ब्रश. मी तिच्या काखेत हात घातले आणि ओढली. ह्यांनी मागून मला धरलं आणि दोघींना मिळून बाहेर काढलं. माझी छाती जळत होती. तिचे ओठ निळसर दिसत होते.

मला वाटलं होतं तिला आडवं झोपवावं. तेवढ्यात मार्थाबाई आल्या. बायबल खुर्चीत राहिलं आणि त्या बाईत एकदम आयुष्य वॉर्डात काढलेली मेट्रन जागी झाली. त्यांनी तिला झोपवू दिलं नाही. व्हरांड्यात वाऱ्याच्या तोंडाशी बसवलं, पाठीला स्वतःची मांडी दिली, गळ्याजवळचं बटण सोडलं. मला तिच्या डोळ्यांवर पाण्याची धार धरायला लावली. ह्यांना दोन शब्दांत सांगितलं की रिक्षा आणा, आणि घरातल्या सगळ्या खिडक्या उघडून मगच जा. त्यांचा आवाज चढला नाही. "सरोज, माझ्याकडे बघ. हळू श्वास घे. माझ्याबरोबर घे," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. सरोजला मराठी येत नव्हतं, पण ती घेत होती.

दवाखान्यात तिला दोन दिवस ठेवलं. जिवावरचं टळलं होतं. बोलता येऊ लागल्यावर तिने काय केलं होतं ते सांगितलं. नुसत्या ॲसिडने होत नाही म्हणून कुणी तरी सांगितलेली पावडर तिने त्यात घातली. महिनाअखेरच्या आत एकदा जर फरशी पांढरी झाली, तर सिस्टर राहू देतील असं तिला वाटलं होतं.

मार्थाबाई ते ऐकत तिच्या उशाशी उभ्या होत्या. मग बाहेर येऊन त्या बाकावर बसल्या आणि मला शेजारी बसायला सांगितलं.

"वॉर्डात असताना मी नव्या मुलींना सांगायची," त्या म्हणाल्या, "पेशंटकडे सगळेच बघतात. त्याच्या शेजारी बसलेल्या माणसाकडे तुम्ही बघा. तो जास्त आजारी असतो." मग त्या म्हणाल्या, "मिस्त्रींना सांगा, काही फोडायचं नाही. जे आहे ते दुरुस्त करा. ती माझ्याकडे राहील तोपर्यंत."

इतकं मोठं काम आम्ही दोघांनी मिळून पूर्वी कधी केलं नव्हतं. मी त्यांच्या मागे पुसायची, नाहीतर मी एकटी साफ करायची. ह्या घरात पहिल्यांदा आम्ही बरोबरीने बसलो. ॲसिडच्या बाटल्या आधी बाहेर गेल्या. भिंतीवरच्या टाइल्सचे सांधे मी एकेक करून खरवडले, त्यातलं सडकं सिमेंट काढलं, धुतले आणि सुकू दिले. घाई केली असती तर ओल आतच अडकली असती. मग पांढरं सिमेंट कालवून बोटाने भरलं. बोटानेच भरायचं, कारण सांधा कुठे पोकळ राहिला ते सिमेंट भरायच्या पत्र्याला कळत नाही, बोटाला कळतं.

हे फरशीवर बसले. मशीन लावलं तर जुन्या लाद्या हादरतील म्हणून त्यांनी हातानेच पॉलिशचा दगड फिरवायला घेतला. आधी जाड दगड, मग मध्यम, मग बारीक. वर सतत पाण्याची धार. करड्या चिखलाखालून हळूहळू फरशी वर येऊ लागली. एका कोपऱ्यात पहिल्यांदा लालसर, हिरवे, पिवळे तुकडे दिसले तेव्हा मार्थाबाई उंबऱ्याशी येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, ह्या फरशीत हिरवा रंग आहे हे मी विसरलेच होते.

सरोज परत आली ती मार्थाबाईंच्या भागात, त्यांच्याच खोलीत दुसऱ्या खाटेवर झोपायला लागली. तिला ब्रश हातात घ्यायची बंदी होती. पण रिकामी बसली की तिचे हात चुळबुळ करायचे. मी मार्थाबाईंना म्हटलं, हिला काम दिल्याशिवाय ही बरी व्हायची नाही. मग मी तिला ओट्यामागची तेलकट भिंत दिली. सोड्याचा लगदा थाप, फडकं चिकटव, आणि आता इथे स्टुलावर बस. घासायचं नाही. ती बसली. थोड्या वेळाने उठून बघायला गेली. मी परत बसवलं. असं तीनचारदा झालं. शेवटी मी फडकं काढायला सांगितलं. तिने ते ओढलं आणि आधीच्या भाडेकरूंचं वर्षानुवर्षांचं पिवळं तेल फडक्याबरोबर निघून आलं. खाली स्वच्छ पांढरी टाइल. तिने टाइलवर तळहात ठेवला आणि माझ्याकडे पाहून हसली. ती हसते हे मला तोवर माहीत नव्हतं.

त्या दिवसांत बातम्या लागल्या की मार्थाबाई रेडिओचा आवाज बारीक करायच्या आणि तिला जवळ बसवून भाजी निवडायला घ्यायच्या. फोन येत नव्हता. आम्ही कुणीच फोनकडे बघत नाही असं दाखवायचो.

फरशीवर शेवटचा हात फिरवायचा दिवस आला. दगडाचं काम झालं, धुऊन सुकवलं, चमक यायला मिस्त्री वापरतात ती ऑक्झॅलिकची पावडर मारून पुन्हा धुतलं, आणि मग मेणाचं पॉलिश. हे पॉलिश लावलं की ते पूर्ण सुकेपर्यंत त्यावर पाय ठेवायचा नसतो. ठेवला तर ठसा बसतो, आणि तो ठसा नुसता पुसून जात नाही. तेवढा सगळा भाग पुन्हा घ्यावा लागतो. मिस्त्री लोक त्या वेळी मांजरालासुद्धा शिवी देतात. हे आतल्या दारापासून पॉलिश लावत मागे मागे सरकत मोरीच्या कोपऱ्यात आले, तिथे मी उभी होते. आम्ही दोघं त्या कोपऱ्यात उकिडवे बसून फरशी बघत होतो. सबंध खोली आरशासारखी झाली होती. खिडकी खाली दिसत होती, खिडकीतलं आभाळ दिसत होतं. ह्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी लग्नातसुद्धा पाहिला नव्हता.

सरोज मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. अंगणात जायचा रस्ता ह्याच स्वयंपाकघरातून.

पलीकडे फोन वाजला. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. वाजायचा थांबला. आणि मग व्हरांड्यातून धावत येणाऱ्या पावलांचा आवाज आला. मार्थाबाई दारात दिसल्या. त्यांनी फरशी पाहिली नाही. थेट त्यावरून आल्या. मधोमध त्यांची एक सपात निसटली, तोल गेला, ह्यांनी झेप घेऊन त्यांना सावरलं, आणि त्या तशाच एका पायात सपात, एक पाय अनवाणी, मागच्या दारापर्यंत पोचल्या.

"सरोज," त्या म्हणाल्या, "फोन. तोच आहे. धाव."

ओली ओढणी हातात तशीच घेऊन ती आमच्या समोरून गेली. अनवाणी, फरशीवरून, पलीकडे. हे उभे राहिले होते.

मार्थाबाई तिच्या मागे फोनपाशी गेल्या नाहीत. व्हरांड्याच्या खांबाशी थांबल्या, म्हणजे बोलणं ऐकू येऊ नये. आम्हीही बाहेर आलो, आता सांभाळायला काही उरलं नव्हतं. आतून फक्त "हाँ जी... हाँ जी..." एवढंच येत होतं. मार्थाबाईंनी खांब घट्ट धरला होता.

ती बाहेर आली. डोळे गळत होते आणि तोंडावर मात्र हसू.

"ठीक हैं," ती म्हणाली. "पूछ रहे थे, घर कैसा है. मैंने कहा, फ़र्श नया हो रहा है."

मार्थाबाईंनी तिला जवळ घेतलं. मग त्यांना आपल्या अनवाणी पायाची जाणीव झाली. तळव्याला मेण लागलं होतं. त्या दारापाशी आल्या आणि त्यांनी आत पाहिलं. लखलखीत फरशीवर दारापासून अंगणापर्यंत ठसेच ठसे. काही रुंद, एका पायाचे सपातेचे आणि एका पायाचे बोटांसकट. काही लहान, लांब लांब अंतरावर पडलेले. त्यांनी तोंडावर हात धरला आणि माझ्या नवऱ्याकडे पाहिलं, एखादी शिकाऊ नर्स मेट्रनकडे पाहील तशी.

आमचे हे शहरात शुद्ध बोलायचे, गिऱ्हाइकाशी तर फारच. पण त्या वेळी त्यांच्या तोंडून थेट घरची अहिराणी आली. "परत करसूत. काय शे त्यामा?"

पुन्हा करू, त्यात काय, असं म्हणून खरंच बाही वर करून ते दगड शोधायला लागले. एरवी कुणी ओल्या कामावर पाय ठेवला तर दिवसभर धुसफुसणारा माणूस, त्या दिवशी लहान ठशांपाशी पोचल्यावर गुणगुणत होता. मी हसले तर म्हणाले, तू तुझे सांधे बघ.

बलबीर हिवाळ्यात परत आला. त्याचा एक हात पट्टीत होता, पण बाकी धडधाकट. पुढे त्यांना क्वार्टर मिळालं, तरी सरोज दर रविवारी मार्थाबाईंकडे यायची. कॅम्पातल्या फौजी बायकांनी ती फरशी बघितली आणि एकेकीने मला बोलावलं. मार्थाबाईंच्या व्हरांड्यात मी त्यांना बसवून दाखवायची, कोणत्या डागाला काय, आणि दोन बाटल्या कधी एकत्र करायच्या नाहीत. सांगायला सरोज पुढे व्हायची, तिचं हिंदी त्यांना जवळचं. मी त्यानंतर ॲसिडच्या बाटलीला हात लावला नाही, आणि धंदा त्याने कमी झाला नाही, वाढला. पुढल्या दहा वर्षांत देवळालीपासून गंगापूर रोडपर्यंत मी किती मोऱ्या उजळल्या ह्याचा हिशेब माझ्याकडे नाही. हे आता नाहीत. गुडघ्यांनी त्यांना शेवटी खूप त्रास दिला. आणि मोझाइकच्या फरश्याही आता फारशा उरल्या नाहीत. लोक त्यांच्यावर मोठ्या चकचकीत लाद्या चिकटवतात आणि खालचा हिरवा रंग कायमचा झाकून टाकतात. त्याची मला हळहळ वाटते, खोटं कशाला सांगू.

पण मला विचारलं की विमलताई, तुमचं सगळ्यात चांगलं काम कोणतं, तर मी त्या दुपारबद्दलच सांगते. दुसऱ्यांदा लावलेलं पॉलिश सुकलं होतं. मी टाचणीने सांधे तपासले, ह्यांनी तळहात फिरवून फरशी तपासली. आम्ही सरोजला हाक मारली, घर ताब्यात घे म्हणून. ती उंबऱ्याशी थांबली, आत आली, खाली बसली. थंडगार फरशीवर हात फिरवला. मग गाल टेकवून बघितला. आम्ही सामान आवरत होतो, म्हणून आमचं लक्ष नव्हतं. थोड्या वेळाने मागे वळलो तर ती तशीच, उशी नाही, चटई नाही, हात डोक्याखाली घेऊन गाढ झोपली होती. किती दिवसांची झोप राहिली होती कोण जाणे.

मी बादली उचलायला गेले. मार्थाबाईंनी मला खुणेने थांबवलं. कडी वाजेल म्हणून त्यांनी ती बादली स्वतः दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि चवड्यांवर चालत, श्वास रोखून, बाहेर व्हरांड्यात आणून ठेवली.